नळीत पातळ, नसांत घट्ट

घोणस चावलेला माणूस दवाखान्यात आणला की डॉक्टर आधी एक साधी तपासणी करतात. त्याचं दोनेक मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग आडवी करून बघायची. रक्त ओघळलं तर विष अंगात भिनलं आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. हेच घोणशीचं विष, अगदी विरळ करून, शहरांतल्या रक्तविकार प्रयोगशाळांमध्ये रोज वापरलं जातं, पण तिथं त्याचं काम निराळं. तिशीत अर्धांगवायू झालेला तरुण, पोटरी सुजून फुप्फुसापर्यंत गुठळी गेलेली बाई, तीनतीनदा पोट पडलेली सून, अशांच्या रक्तद्रवात ते मिसळतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. अपेक्षा अशी की ज्यांच्या शरीरात गुठळ्या होतात त्यांचं रक्त नळीत चटकन गोठेल. घडतं उलटं. यांतल्या काहींचं रक्तद्रव गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं, आणि तीच धोक्याची खूण असते.

हा उलटा हिशोब उलगडायला वैद्यकाला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. कारण अज्ञान हे नव्हतं. ज्या प्रतिपिंडांमुळे हे होतं ती १९०६ पासून प्रयोगशाळांच्या डोळ्यांसमोर होती, लाखो लोकांच्या रक्तात तपासली जात होती. पण नळीत जे दिसतं तेच शरीरात घडत असणार असं प्रत्येक पिढी धरून चालली. त्या गृहीतकाची किंमत मोजली ती बहुतेक बायकांनी. म्हणून हा इतिहास डॉक्टरांपुरता ठेवण्यासारखा नाही.

सुरुवात गरमीपासून, म्हणजे उपदंशापासून होते. १९०५ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू सापडला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट फॉन वासरमन, नाइसर आणि ब्रुक यांनी त्याची रक्ततपासणी काढली. त्यांचा तर्क सरळ होता. उपदंशानं दगावलेल्या अर्भकाच्या यकृतात जंतू खच्चून भरलेले असतात, तेव्हा त्या यकृताचा अर्क घ्यावा, रुग्णाच्या रक्तातली जंतूविरोधी प्रतिपिंडं त्याला धरतील. तपासणी चालली. तर्क मात्र वर्षभरात कोसळला. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की निरोगी गिनीपिगच्या हृदयाचा मद्यार्कातला अर्कही तितकंच काम करतो. त्यात जंतू कुठून येणार? म्हणजे रुग्णाची प्रतिपिंडं जंतूला धरत नव्हती, ती प्राण्यांच्या (आणि माणसाच्याही) पेशींमधल्या एका स्निग्ध पदार्थाला धरत होती. विसाव्या शतकातली उपदंशाची सर्वांत मोठी तपासणी ही अशी मुळातच स्वतःच्या शरीराविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी निघाली. चुकीच्या गृहीतकातून उपयोगी गोष्ट कशी उभी राहते याचं हे उदाहरण ल्वूव शहरातल्या लुडविक फ्लेक या डॉक्टरला इतकं विलक्षण वाटलं, की त्यानं वैज्ञानिक तथ्य घडतं कसं यावरचं अख्खं पुस्तक या एका तपासणीभोवती लिहिलं. ते १९३५ मध्ये बाझेलला छापलं गेलं आणि पुढची कितीतरी वर्षं फारसं कुणी वाचलं नाही.

१९४०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनीतल्या आरोग्य प्रयोगशाळेत मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला आणि त्याला कार्डिओलिपिन नाव दिलं. त्यावर १९४६ मध्ये उभी राहिलेली तपासणी म्हणजे व्हीडीआरएल. आपल्याकडे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्या बरोबरीनं ही चार अक्षरं अजून असतात. ती अमेरिकेतल्या एका गुप्तरोग प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं आहेत, हे तो कागद सांभाळणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही, आणि सांगून तिचं भलं होईल असंही नाही.

मधल्या काळात अमेरिकेनं ही तपासणी कायद्यात घातली. १९३५ मध्ये कनेटिकट राज्यानं लग्नाआधी वधूवरांची उपदंश तपासणी सक्तीची केली, मागोमाग इतर अनेक राज्यांनी. १९३८ पासून गरोदर स्त्रियांच्या तपासणीचेही कायदे झाले. पुढे महायुद्धात सैनिकांची तपासणी आली. आजारी माणसांसाठी काढलेली तपासणी निरोगी माणसांच्या लोंढ्यावर चालवली की जे व्हायचं तेच झालं. ज्यांना उपदंशाचं एकही लक्षण नाही, होण्याचं कारणही नाही, अशांचे निकाल सकारात्मक येऊ लागले. हिवताप, महारोग, नुकताच झालेला एखादा संसर्ग यांनीही निकाल तसा येतो हे माहीत होतं, आणि हिवताप व महारोग तर आपल्याकडे घरचेच. पण काही लोकांत तो वर्षानुवर्षं तसाच राहायचा, आणि त्यांत तरुण स्त्रिया ठळकपणे जास्त होत्या. कागदावर गरमीचा शिक्का बसलेल्या नवरीचं, किंवा पोटुशी असताना असा निकाल हाती आलेल्या बाईचं घरात काय झालं असेल, याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत नसते. पेनिसिलिन येण्यापूर्वी यावरचा उपचार म्हणजे आर्सेनिक आणि बिस्मथची महिनोन्‌महिने चालणारी इंजेक्शनं, आणि तीही कित्येकांनी विनाकारण सोसली.

१९४९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नेल्सन आणि मेयर यांनी जिवंत जंतू वापरून खरी तपासणी काढली, तेव्हा कुठं या लोकांची सुटका झाली. त्यांच्या निकालाला नाव मिळालं ‘जैविकदृष्ट्या खोटा सकारात्मक’. त्याच संस्थेतले उपदंशतज्ज्ञ जोसेफ अर्ल मूर एवढ्यावर थांबले नाहीत, आणि माझ्या मते या कथेतला सर्वांत कमी गौरवलेला माणूस तोच. खोटा निकाल म्हणून कागद फाइलबंद करण्याऐवजी त्यांनी विचारलं की हे लोक पुढे कसे राहतात? १९५०च्या दशकात त्यांनी या मंडळींचा पाठपुरावा केला, आणि त्यांतल्या अनेकांना काही वर्षांत ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा रोग, होतो असं दिसलं. उपदंशाचा निकाल खोटा होता, पण रक्तात काहीतरी खरंच होतं.

योगायोग असा की १९५२ मध्ये, मूर यांचं काम जिथं चाललं होतं त्याच रुग्णालयात, कॉनली आणि हार्टमन या रक्ततज्ज्ञांनी ल्यूपसच्या दोन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या रक्तात गोठण्याला अडवणारं काहीतरी फिरत होतं. निष्कर्ष साहजिकच रक्तस्रावाच्या रोगाचा काढला गेला. पाच वर्षांनी स्वीडनमध्ये लॉरेल आणि इंगा मारी निल्सन यांनी ही दोन टोकं जोडली. गोठण अडवणारा घटक आणि उपदंशाचा खोटा निकाल हे एकाच रुग्णात सोबत येतात, आणि नळीत फॉस्फोलिपिड, म्हणजे कार्डिओलिपिनच्या जातीचा स्निग्ध पदार्थ, मिसळलं की ते दोन्ही शोषले जातात, असं त्यांनी दाखवलं. इथं खरं म्हणजे गाठ सुटायला हवी होती.

सुटली नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात रक्तस्राव होता. नळीतलं रक्त उशिरा गोठतंय म्हणजे रुग्ण रक्त गमावणार, शस्त्रक्रिया पुढे ढकला, सावध राहा. १९६३ मध्ये मेयो क्लिनिकच्या बोवी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की असा अडथळा असूनही या रुग्णांना गुठळ्या होतात. ‘असूनही’ ही त्यांची समजूत होती, ‘असल्यामुळे’ असं म्हणायला आणखी दोन दशकं जायची होती. १९७२ मध्ये फाइनस्टाइन आणि रॅपापोर्ट यांनी या घटकाला ‘ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट’ हे नाव देऊन गोंधळ पक्का केला. ज्यांच्यात तो सापडतो त्यांतल्या बहुतेकांना ल्यूपस नसतो आणि शरीरात तो गोठणं थांबवतही नाही. तरी नाव टिकलं, आजच्या रिपोर्टवरही तेच छापून येतं, आणि ते वाचून रुग्णाचे नातेवाईक दोन्ही बाजूंनी घाबरतात. १९७५ मध्ये निल्सन यांनी पुन्हा एक धागा पुढे केला. ज्या बाईचे गर्भ पोटातच दगावत होते तिच्या रक्तात त्यांना हाच घटक सापडला होता. तो फार कुणी ओढून बघितला नाही. वारंवार पोट पडणं ही त्या काळी प्रसूतिशास्त्रातही बऱ्याच अंशी नशिबाचीच बाब मानली जात होती. आपल्याकडे कुणी आसरांची बाधा म्हणे, कुणी करणी, कुणी सुनेच्या पायगुणाला दोष देई. युरोपात शब्द वेगळे होते, दोष मात्र तिथंही गर्भाशयाच्या मालकिणीकडेच जाई.

१९७५च्याच सुमारास ग्रॅहॅम ह्यूज हा ब्रिटिश संधिवाततज्ज्ञ जमैकात, किंग्स्टनच्या विद्यापीठ रुग्णालयात काम करत होता. तिथं पायांतली शक्ती जाणारा एक मज्जारज्जूचा विकार दिसायचा, आणि त्या रुग्णांत उपदंशाचे खोटे निकाल वारंवार यायचे. मज्जातंतूंमधल्या फॉस्फोलिपिडांविरुद्ध प्रतिपिंडं असतील का, या प्रश्नाचा त्यानं तिथं पाठलाग सुरू केला. जमैकातल्या विकाराचं कारण पुढे एक विषाणू निघाला, पण प्रश्न लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ह्यूजबरोबर गेला. तिथं गयानात जन्मलेला नायजेल हॅरिस (पुढे वेस्ट इंडीज विद्यापीठाचा कुलगुरू) आणि अझीझ घरावी यांच्यासह १९८३ मध्ये कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं थेट मोजण्याची संवेदनशील पद्धत तयार झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्यूजनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की शिरांत आणि धमन्यांत गुठळ्या, तरुणपणी मेंदूचे झटके, पुन्हापुन्हा गर्भपात हा सगळा एकच रोग आहे, आणि त्यासाठी ल्यूपस असायलाच हवा असं नाही. तो मजकूर शोधनिबंध नव्हता, अग्रलेख होता. अग्रलेख लिहून जगणाऱ्याला याचा थोडा आनंद झाला तर वाचकांनी क्षमा करावी.

याला आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. २००२ मध्ये युरोपातल्या हजार रुग्णांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली. त्यांत ८२ टक्के स्त्रिया होत्या, निम्म्याहून अधिकांना ल्यूपस नव्हता, जवळजवळ ३९ टक्क्यांना पायाच्या खोल शिरांत गुठळी झाली होती आणि सुमारे २० टक्क्यांना मेंदूचा झटका येऊन गेला होता.

पण गुठळी होते कशी? १९९० मध्ये सिडनी, मास्ट्रिख्ट आणि साप्पोरो इथल्या तीन गटांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सापडली. ही प्रतिपिंडं मुळात त्या स्निग्ध पदार्थाला धरतच नाहीत. त्यावर येऊन बसणारं बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन नावाचं प्रथिन ती धरतात. उपदंशाची प्रतिपिंडं मात्र थेट स्निग्ध पदार्थाला चिकटतात. वासरमनच्या नळीत ऐंशीहून अधिक वर्षं एकमेकांत मिसळून राहिलेले दोन आजार अशा रीतीनं रेणूच्या पातळीवर वेगळे झाले. हे प्रथिन तुमच्याआमच्या सर्वांच्या रक्तात भरपूर असतं. रक्तात फिरताना ते गोल मिटलेलं असतं. पेशीच्या आवरणावर टेकलं की उलगडतं, आणि त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. प्रतिपिंडाला दोन हात असतात, त्यामुळे ते अशी दोन प्रथिनं एकत्र पकडून आवरणाला घट्ट खिळवतं. मग रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट चेकाळतात. जखम झाल्यावरच समोर यायला हवा असा टिश्यू फॅक्टर जखम नसतानाच पेशींच्या पृष्ठभागावर येतो. काही पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्यांत रक्तकण अडकतात. जंतूंचा नाश करणारी पूरकप्रथिनांची साखळीही पेटते. नळीत यांतलं काहीच नसतं. तिथं अस्तर नाही, पेशी नाहीत, आहे फक्त मोजून घातलेलं थोडं फॉस्फोलिपिड. प्रतिपिंडं ते अडवून बसतात आणि गोठायला लागणारा पाया हिरावला जातो, एवढाच नळीतल्या उशिराचा अर्थ. घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चेतवतं, त्यामुळे आधीच्या पायऱ्या गाळून नेमका हाच टप्पा तपासता येतो. १९८६ मध्ये फिलाडेल्फियात पेरुमल थियागराजन, व्हित्तोरिओ पेंगो आणि सँडॉर शपिरो यांनी ही विषाची तपासणी बसवली. नळीत जादा फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा नेहमीवर येते, मग शंका उरत नाही.

प्रतिपिंडं असूनही वर्षानुवर्षं काही न होणारी माणसं पुष्कळ आहेत. बहुधा एखादा दुसरा धक्का लागतो, म्हणजे संसर्ग, शस्त्रक्रिया, बाळंतपण, लांबलेलं अंथरूण किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या. कोविडनं हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं. २०२० मध्ये मिशिगनमधल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल १७२ कोविडरुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत ही प्रतिपिंडं आढळली, आणि त्यांची प्रतिपिंडं उंदरांत सोडली की गुठळ्या लवकर होत होत्या. बहुतेकांत ती पुढे ओसरली. त्याच साथीत दुसरं एक प्रतिपिंडही बातम्यांत आलं, कोविशील्डच्या जातीच्या लशीनंतर क्वचित होणाऱ्या गुठळ्यांमागचं. ते प्लेटलेट-फॅक्टर-फोर या वेगळ्याच प्रथिनाविरुद्ध असतं, हे २०२१ मध्ये ग्राइफ्सवाल्डच्या ग्राइनाखर यांनी आणि इतरांनी दाखवलं. २०२४च्या उन्हाळ्यात, लस काढणाऱ्या कंपनीनं लंडनच्या न्यायालयात या दुष्परिणामाची कबुली दिल्याची बातमी आली आणि आपल्याकडे घराघरांत धास्ती बसली. ती अनाठायी होती. हा दुष्परिणाम लशीनंतरच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसतो, दोनतीन वर्षांनी नाही.

गर्भपाताची गोष्ट मात्र गुठळीएवढी सोपी निघाली नाही. वारेतल्या रक्तवाहिन्या तुंबतात आणि गर्भाचा पुरवठा थांबतो, अशी पहिली कल्पना होती. पण कित्येक वारांमध्ये गुठळ्या सापडतच नाहीत. न्यूयॉर्कच्या जेन सॅल्मन यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की नुकसान बऱ्याच अंशी पूरकप्रथिनांच्या दाहानं होतं, आणि रक्त पातळ करणारं हेपरिन तो दाहही रोखतं. रक्त पातळ करणारं पण दाह न रोखणारं दुसरं औषध दिलं तर गर्भ वाचत नव्हते. माणसांतला पुरावा संमिश्र आहे. लंडनच्या सेंट मेरीजमध्ये राय आणि रीगन यांनी ९० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत (१९९७) नुसत्या अॅस्पिरिननं ४२ टक्के, तर जोडीला हेपरिन दिल्यावर ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं. २००२ मधल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तरीही पन्नास वर्षांपूर्वी जिला काहीच देता येत नव्हतं तिला आज देण्यासारखं काही आहे.

गुठळ्यांवरचा उपचार मात्र जुनाच बरा ठरला. पेंगो यांच्याच नेतृत्वाखालच्या इटालियन चाचणीत ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट, कार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन या तिन्हींच्या तपासण्या सकारात्मक असलेल्या १२० रुग्णांना वॉरफरिन किंवा रिव्हरॉक्साबॅन ही नवी गोळी दिली होती. नव्या गोळीच्या गटात १२ टक्क्यांना झटका किंवा हृदयविकार आला, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. आपल्याकडे याचं महत्त्व अधिक आहे, कारण नव्या गोळीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. वॉरफरिन घेणाऱ्याला दर काही आठवड्यांनी आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) तपासायला तालुक्याला जावं लागतं, मजुरी बुडते, पालक-मेथीचं प्रमाण सांभाळावं लागतं. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून दोन्ही एकच समजून बदलणाऱ्या औषधविक्रेत्याला आणि डॉक्टरला हा फरक माहीत असायलाच हवा.

युरोपात गुठळ्यांचं मोठं कारण असलेला फॅक्टर-फाइव्ह लायडन हा वारशानं येणारा दोष भारतीयांत तुलनेनं विरळ आहे. त्यामुळे कमावलेल्या कारणांत ही प्रतिपिंडं आपल्यासाठी अधिक लक्ष देण्याजोगी. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांमधल्या अशा कारणांवर बरीच वर्षं काम झालं आहे. पण बाहेर, मध्यम शहरांतल्या दवाखान्यांत, आता जुन्या चुकीची उलटी आवृत्ती दिसते. तेव्हा सकारात्मक निकाल खोटा म्हणून टाकून दिला गेला. आता एका गर्भपातानंतर तपासण्यांचा अख्खा संच लिहून दिला जातो, त्यात एखादा आकडा जरासा वर दिसला की नऊ महिने पोटावर रोज हेपरिनचं इंजेक्शन, आणि ‘तुमचं रक्त चिकट आहे’ हा जन्माचा शिक्का. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषानं होतात, त्यांचा आईच्या रक्ताशी संबंध नसतो. शिवाय कुठल्याही तापानंतर ही प्रतिपिंडं थोडा काळ वर येऊन जातात. म्हणूनच निकाल किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून कायम राहिला तरच धरायचा, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांनी ठरवलं. ती दुसरी तपासणी होतच नाही. पैसे लागतात, तोपर्यंत बाईला पुन्हा दिवस गेलेले असतात, आणि सासरी कुणाला बारा आठवडे थांबायचं नसतं.

२०२३ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून नवे निकष काढले. ते गुणांवर चालतात. ज्या स्त्रीचा इतिहास फक्त दहा आठवड्यांच्या आतल्या तीन गर्भपातांचा आहे तिला एक गुण मिळतो, पात्र ठरायला तीन लागतात. संशोधनातली गटवारी शुद्ध राहावी म्हणून हे केलं आहे, निदानासाठी हे निकष वापरू नयेत, असं ते करणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलं आहे. पण गटवारीचे निकष निदानाचे म्हणून वापरले जाणं या क्षेत्रात नेहमीचं आहे, आणि विमा कंपनीच्या टेबलावर तळटीप कुणी वाचत नाही. आपल्याकडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या आणि रक्ततज्ज्ञांच्या संघटनांनी भारतीय स्त्रियांसाठी निदानाचा वेगळा, लेखी पायंडा आत्ताच घालून द्यावा. त्यात बारा आठवड्यांनंतरची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत असावी, आणि लवकरच्या गर्भपातांच्या स्त्रियांना चाचण्यांतून वगळू नये. मूर यांनी केला तसा पाठपुरावा या बायकांचा केला तरच त्यांना नेमकं काय होतं ते कळेल.